हॉर्न बदलण्याआधी करंट कुठं थांबलाय ते बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात राजारामपुरीच्या एका भगिनींचं पत्र वाचलं. गगनबावड्याहून येताना त्यांच्या गाडीचा हॉर्न बंद पडला. गॅरेजवाल्यानं नवी जोडी बसवून पैसे घेतले आणि चार दिवसांत हॉर्न पुन्हा गप्प. आता तोच गॅरेजवाला म्हणतोय, पुढची सगळी वायरिंग बदलावी लागेल. सगळे मेकॅनिक मेले लुटारू, असा त्यांच्या पत्राचा सूर होता. राग समजण्यासारखा आहे. पण त्या पत्रात त्यांनी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं. पार्किंगमधून गाडी वळवून काढताना हॉर्न कधीमधी वाजतो, सरळ रस्त्याला लागलं की वाजत नाही, असं ते वाक्य होतं. गॅरेजवाल्यानं एवढं एक वाक्य कान देऊन ऐकलं असतं तर नवी जोडी घ्यायची वेळच आली नसती. का, ते पुढं सांगते.

मी शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या इलेक्ट्रिकल स्पेअरचं दुकान चालवते. म्हणजे हॉर्नच्या जोड्या विकून ज्यांचं घर चालतं त्यांतलीच मी एक. दुकान मामंजींचं. ते स्वतः ऑटो इलेक्ट्रिशियन होते. अँबॅसिडर, फियाट, ऊस ओढणाऱ्या ट्रकांची वायरिंग करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी एक नियम घालून दिला होता आणि तो मी मोडलेला नाही: जुना हॉर्न बघितल्याशिवाय नवा विकायचा नाही. त्यासाठी काउंटरखाली एक १२ व्होल्टची बॅटरी कायम चार्ज करून ठेवलेली असते. तिला दोन जाड वायरी, टोकाला चिमटे.

एरवीचा प्रसंग असा. मेकॅनिक येतो, गाडी गॅरेजला खोलून ठेवलेली, हात काळे, मोबाईल खांद्यात धरलेला.

"वहिनी, एक जोडी काढा."

"जुना आणलाय?"

"त्यात काय बघायचंय? पाणी गेलंय, संपलाय त्यो."

"आणा तर खरं."

कुरकुरत आणतो. मी चिमटे लावते आणि सगळं दुकान दणाणून जातं. समोरच्या टपरीवर चहा पिणारे वळून बघतात. "आयला, वाजतोय की वो!" असं म्हणून तो परत गाडीकडं जातो, आणि माझी एक जोडी खपायची राहते. बंद म्हणून काढून आणलेल्या हॉर्नपैकी निम्म्याहून जास्त माझ्या काउंटरवर व्यवस्थित वाजतात. हे मी धंद्याच्या विरुद्ध बोलतेय, मला कळतं.

हॉर्न खरोखर खराब होतो तो कसा, तेही सांगते, कारण बहुतेकांनी तो आतून कधी बघितलेला नसतो. आमच्याकडं शिकायला येणाऱ्या आयटीआयच्या पोरासाठी मी एक मेलेला हॉर्न रिव्हेट तोडून उघडला होता. आत एक पातळ पोलादी पडदा, त्याच्या मागं तांब्याच्या तारेची कॉइल आणि मसुराच्या डाळीएवढे दोन पॉइंट, बस. करंट आला की कॉइलचं चुंबक होतं आणि पडदा ओढला जातो. ओढल्या ओढल्याच पॉइंट उघडतात, करंट तुटतो, पडदा मागं येतो, पॉइंट पुन्हा चिकटतात. हे एका सेकंदाला साधारण चारशे ते पाचशे वेळा होतं; जोडीतला जाड आवाजाचा चारशेच्या आसपास, बारीक आवाजाचा पाचशेच्या. त्या पोराच्या हातातल्या हॉर्नमध्ये पडद्याची कड गंजून जाळी झाली होती आणि पॉइंटवर हिरवट काळी खपली धरली होती. असा हॉर्न बदलायचाच. मागच्या बाजूचा स्क्रू फिरवून तो जिवंत करणारे कारागीर आहेत; पाव आटा फिरवला की वाजतो, ग्राहक खूश. पण पॉइंट खाल्लेले असले तर ते काम पुढच्या पावसापुरतंसुद्धा टिकत नाही.

आता हॉर्न काउंटरवर वाजतो आणि गाडीत वाजत नाही, याचा अर्थ करंट वाटेत कुठंतरी थांबलाय. वाट लांबलचक नाही. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले (म्हणजे बटणाच्या छोट्या करंटवर हॉर्नचा मोठा करंट जोडून देणारा स्विच), रिलेपासून हॉर्न, हॉर्नमधून बॉडीला अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडं परत जायची वाट. आणि रिलेला हुकूम द्यायला स्टिअरिंगवरचं बटण. माझ्याकडं येणाऱ्याला मी आधी प्रश्न विचारते, मग फडताळाला हात लावते. आवाज अगदीच नाही की बारीक येतो? बारीक येत असेल तर दोनातला एक मेलाय किंवा अर्थ कच्चा आहे. बॅटरी उतरलेली असली तरी तसं होतं, मग इंजिन चालू केल्यावर आवाज सुधारतो. रिमोटनं गाडी लॉक करताना हॉर्न वाजतो का? ज्या गाड्यांत त्यासाठी हाच हॉर्न वापरलाय, त्यांत तो वाजला की हॉर्न, त्याची अर्थ, फ्यूज सगळं ठीक. मग शोध स्टिअरिंगकडं. एवढ्या दोन प्रश्नांतच बऱ्याचदा अर्धं काम होतं.

फ्यूज घरीच बघता येतो. बोनेटखालच्या डब्याच्या झाकणावर आतून चित्र असतं, त्यात हॉर्नचा फ्यूज कुठला ते छापलेलं असतं. लाल असेल तर १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. उडालेला असला तर त्याच रंगाचा घाला. घातल्या घातल्या पुन्हा उडाला तर कुठंतरी वायर बॉडीला लागतेय किंवा हॉर्न आतून शॉर्ट आहे. तिथं थांबायचं. मोठा फ्यूज घालणारे आणि तारेचा तुकडा गुंडाळणारे महाभाग आपल्याकडं कमी नाहीत. गाडी पेटली की मग कंपनीला शिव्या.

फ्यूज चांगला असेल तर एकानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं रिलेवर बोट ठेवायचं. टिक लागली म्हणजे बटणाचा हुकूम पोचतोय, दोष रिलेच्या पॉइंटमध्ये किंवा त्याच्या पुढं. टिक नाही म्हणजे दोष रिलेची कॉइल नाहीतर स्टिअरिंग यांत. रिले बघायची सोपी युक्ती म्हणजे त्याच डब्यातला त्याच नंबरचा शेजारचा रिले काढून तिथं लावायचा. हॉर्न वाजला की विषय संपला. खालच्या चार पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर बॅटरीचा करंट येतो आणि ८७ वरून हॉर्नला जातो. माझ्या दुकानात रिलेची किंमत हॉर्नच्या जोडीपेक्षा बरीच कमी आहे, म्हणून कदाचित तिकडं कुणाचं लक्ष जात नसावं.

आता आपल्या भागातलं खरं दुखणं: अर्थ आणि कपलर, म्हणजे हॉर्नला वायर जोडणारा प्लग. हॉर्न असतो बंपरच्या किंवा ग्रिलच्या मागं, सगळा मारा पहिला त्याच्यावर. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा, आंबा घाट या बाजूच्या पावसात जाऊन आलेली गाडी, वर वॉशिंग सेंटरवाला प्रेशरची नळी थेट जाळीतून आत मारतो. कपलरच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात. ज्या हॉर्नला एकच वायर असते तो ब्रॅकेटमधून बॉडीला अर्थ घेतो. ब्रॅकेटचा बोल्ट गंजला की करंट येतोय, जायला वाट नाही. पॉलिश पेपरनं तेवढी जागा घासली, बोल्ट आवळला, वर जरा ग्रीस लावलं की हॉर्न वाजतो. कामाला पाना लागतो आणि थोडा धीर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या बाजूला ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या कपलरमधून गाळाची वाळलेली खपली नंतर कितीतरी दिवस निघत होती. विंडटोन हॉर्न, म्हणजे तो गोगलगाईच्या आकाराचा, बसवताना तोंड खाली राहील असा बसवावा लागतो, नाहीतर पाणी आत साठून राहतं. घाईत उलटा बसवलेला मी बघितलाय.

इथं मामंजींचा एक हट्ट सांगते. ते हॉर्नच्या वायरीला नुसता व्होल्ट मोजायचा मीटर लावून कधी समाधानी व्हायचे नाहीत. इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी सोल्डर करून त्यांनी टेस्ट लॅम्प केला होता, तो अजून खिळ्याला टांगलाय. म्हणायचे, मीटर खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. कारण सडून दोन-चार धाग्यांवर आलेली वायरसुद्धा मीटरवर १२ व्होल्ट दाखवते. ओझं पडलं की कळतं. एक हॉर्न चार-पाच अँपिअर खातो, जोडी आठ-दहा. त्या दोन धाग्यांतून तेवढा करंट जात नाही आणि मेकॅनिक म्हणतो, करंट तर येतोय, म्हणजे हॉर्नच गेला. बल्ब लावला की तो मिणमिणतो आणि सत्य बाहेर येतं. अर्थात ही युक्ती हॉर्नच्या वायरीपुरती. नव्या गाडीच्या कॉम्प्युटरच्या वायरींना आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला बल्ब लावायचा नाही म्हणजे नाही.

आणि मग स्टिअरिंग, म्हणजे राजारामपुरीच्या त्या भगिनींचा विषय. पूर्वीच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या मागं पितळी कडं असायचं आणि त्यावर घासणारा ब्रश. बिघडला तर साफ करून चालायचं. आताच्या गाडीत प्लास्टिकच्या गोल डबीत चपटी पट्टीसारखी केबल गुंडाळून ठेवलेली असते. स्टिअरिंग फिरेल तशी ती उलगडते आणि गुंडाळते. क्लॉक स्प्रिंग म्हणतात, आमच्याकडं काही जण नुसतं स्टिअरिंगची कॉइल म्हणून मागतात. हॉर्नचं बटण, टेपची बटणं आणि ड्रायव्हरची एअरबॅग सगळे याच डबीतून जातात. ही पट्टी आतून चिरली की स्टिअरिंग एका बाजूला वळल्यावर तुटलेली टोकं एकमेकाला टेकतात, हॉर्न वाजतो. सरळ केलं की सुटतात, हॉर्न बंद. त्यांच्या पत्रातलं वाक्य हेच सांगतंय. पुढची वायरिंग बदलून याला काडीचा फरक पडणार नाही.

ताई, तुमच्या स्टिअरिंगपुढच्या मीटरवर एअरबॅगचा दिवा सतत लागलेला असतो का, आणि स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं चालतात का, एवढं आज बघा. दिवा लागत असेल तर हॉर्नचा प्रश्न दुय्यम आहे, तुमच्या पुढ्यातली एअरबॅग वेळेला उघडेल याचा भरवसा राहिलेला नाही. हे काम मात्र घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन करायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढून, गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबूनच एअरबॅगला हात लावायचा असतो. नवी डबी बसवताना चाकं सरळ आणि डबी बरोबर मधोमध हवी; नाहीतर पहिल्याच मोठ्या वळणाला नवी पट्टी ताणून तुटते. ज्याला हे माहीत आहे त्याच्याकडंच जा. आणि काढलेले जुने हॉर्न गॅरेजमध्ये अजून असतील तर मागून घ्या, ते तुमचे आहेत.

आता मेकॅनिक लोकांची बाजू मांडते, कारण ती कुणी मांडत नाही. बोनेट उघडून, बंपर सैल करून, दोष शोधायला अर्धा-पाऊण तास जातो. शेवटी सापडतं काय, तर गंजलेला बोल्ट. तो घासून दिल्यावर गिऱ्हाईक विचारतं, "एवढंच होतं? मग पैसे कशाचे?" वस्तूचे पैसे आपण बिनबोभाट देतो, शोधण्याचे द्यायला जीव जातो. मग मेकॅनिकनंही सोपा मार्ग धरला: वस्तू बदलायची, बिल करायचं. नवी जोडी घालताना कपलर काढून घातला जातो, त्यात पट्टी जरा खरवडली जाते आणि हॉर्न वाजतो. सगळ्यांना वाटतं जोडीच गेली होती. चार दिवसांनी पट्टी पुन्हा हिरवी. असं करणं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण ही सवय गिऱ्हाईक आणि गॅरेज दोघांनी मिळून लावलीय.

खासगी गाडीचा हॉर्न चालतो का हे तपासणारंही कुणी नाही. रिक्षा, ट्रक, टॅक्सी यांना फिटनेससाठी जावं लागतं, तिथं हॉर्न बघतात. घरच्या कारची नोंदणी १५ वर्षांची, तोवर हॉर्न वाजला काय आणि नाही काय. महाद्वार रोडला हॉर्न नसला तर काही बिघडत नाही, उलट बरं. पण करूळ किंवा भुईबावडा घाटात, धुक्यात, आंधळ्या वळणावर समोरून एसटी येत असताना तो नसणं ही गंमत नाही. ज्योतिबाच्या वळणांवरही तेच.

याच्या उलट दुसरं टोक आहे, तेही माझ्याच काउंटरवर येतं. विशीतली पोरं येतात, "वहिनी, नाद खुळा आवाज पाहिजे." बसमधला प्रेशर हॉर्न अल्टोला लावायचा असतो. मी विकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम अनेक सुरांच्या आणि कर्कश हॉर्नना मनाई करतो. विनाकारण किंवा सारखा हॉर्न वाजवला, अथवा बंदीची पाटी असलेल्या ठिकाणी वाजवला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४एफ खाली पहिल्या खेपेला १,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक खेपेला २,००० रुपये दंड २०१९ च्या दुरुस्तीनं ठरवला होता. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सीपीआर दवाखान्याच्या दारात उभं राहून ऐका आणि ठरवा किती जणांना हे ठाऊक आहे. पोरांना कायदा सांगून उपयोग होत नाही, म्हणून मी दुसरं सांगते. कंपनीच्या वायरीला रिले न घालता मोठा हॉर्न जोडला की बटणाचे पॉइंट जळतात, वायर वितळते, कधी हॉर्न रात्री दोन वाजता आपोआप चालू होतो आणि अख्खी गल्ली उठते. तसं झालं तर फ्यूज उपटायचा, एवढं तरी लक्षात ठेवा.

आपल्या वृत्तपत्रामार्फत गॅरेजवाल्या भावांना माझी विनंती आहे. तपासणीचा दर वेगळा ठरवा आणि तो भिंतीवर लिहा. बिलावर नुसतं "हॉर्न जोडी १" असं न लिहिता दोष काय सापडला तो एका ओळीत लिहा, आणि काढलेला माल पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. गिऱ्हाइकांनीही मुकाट्यानं तपासणीचे पैसे द्यावेत, घासाघीस करू नये. आमच्या लाइनीतल्या सगळ्या दुकानांत पाटी असते, "इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही". माझ्याही दुकानात आहे. तिच्याखाली मी खडूनं लिहिलंय: नवा घेण्याआधी जुना आणा, वाजवून बघू, पैसे नाहीत. सकाळी दहा ते रात्री आठ, सोमवारी बंद.

कृपया माझं नाव छापू नये. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यातले निम्मे शेजारी आहेत आणि उरलेल्या निम्म्यांची उधारी माझ्या वहीत आहे.

आपली,
एक दुकानदारीण
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर